डब्याबाहेरची गोळी

धाकटीला दिवस गेले तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. या वयात अशी बातमी सांगायची म्हणजे समोरच्याच्या भुवया आधी वर जाणार आणि मग तो अभिनंदन म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ती फारशी कोणाला सांगितलीच नाही. नवरा बोटीवर, इंजिनाच्या खोलीत कामाला. तो निघाला तेव्हा बातमी नव्हती, त्यामुळे त्याला ती फोनवरच कळवावी लागली. आवाज सारखा तुटत होता. दोनदा सांगूनही त्याला ऐकू गेलं नाही, आणि तिसऱ्यांदा सांगताना तिचा सूर कोणाला पत्ता समजावून सांगावा तसा झाला. तो खूप आनंदला असणार. तेवढ्यात फोन कट झाला.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. घरात तिला तशी हाक मारायचे. आई गेल्यावर हाक मारणारे दोघेच उरले. त्यातला थोरला भाऊ, म्हणजे दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि फोनवर कामापुरतं बोलायचा. वडील मात्र तिच्याकडेच होते, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

बाबा उभा जन्म बसवर कंडक्टर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांच्या गर्दीत उभं राहून ज्याने तोंडाचा पट्टा चालवला, अशा माणसाला म्हातारपणी गुडघ्यांनी दगा द्यावा आणि तिसऱ्या मजल्यावर बसवून ठेवावं, याला काय म्हणायचं? जिना उतरणं बंद झालं तसं बोलणं आपोआपच बंद झालं. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची, म्हणजे पाण्याचे पाइप आणि बंद तावदानं. दिवसभर ते ती भिंत बघायचे, आणि संध्याकाळी धाकटीने कुलूप उघडलं की म्हणायचे, "आलीस?" एवढा एक शब्द ऐकायला ती तीन मजले चढून यायची. खोटं कशाला बोला, त्या घरात तिलाही दुसरं कोणी नव्हतं.

ती रफूच्या दुकानात कामाला होती. लोकरीचे कोट, शाली, भारी सूट, कसर लागलेलं, सिगारेटने भोक पडलेलं, खिळ्यात अडकून फाटलेलं असं सगळं तिच्या टेबलावर यायचं. कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा उसवून घ्यायचा आणि त्याच धाग्याने भोक असं भरायचं की मालकालाही जागा सापडू नये. हात बारीक होता आणि नजर त्याहून बारीक. एकच खोट होती, लोकरीच्या धुळीने तिच्या अंगावर पित्त उठायचं. मानेवर, दंडावर, पोटावर लाल चट्टे, आणि खाज अशी की सुई ठेवून द्यावीशी वाटे. त्यासाठी ती कितीतरी वर्षं एक छोटी पांढरी गोळी घ्यायची. गोळी घेतली की खाज जायची आणि झोपही छान लागायची.

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं की सध्या काय काय घेता, सगळं काढून टेबलावर ठेवा. धाकटीने पर्स उलटी केली. त्या गोळीची पाकिटं त्यांनी बाजूला सारली आणि ही आजपासून बंद म्हणाल्या. पोटातल्या बाळाला, त्यातून पहिल्या महिन्यांत, ही नको. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, सुती सैल कपडे घाला, फारच झालं तर मला विचारा, मी चालेल अशी दुसरी देईन. पण परस्पर काही घेऊ नका.

परस्पर काही घ्यायची धाकटीची छातीच नव्हती. याआधी दोनदा तिच्या पोटात आलेलं राहिलं नव्हतं. त्यामुळे यावेळी ती डोळ्यांत तेल घालून वागत होती. डोकं दुखलं तर नुसती पडून राहायची. खोकल्याचं औषध घ्यायच्या आधी डॉक्टरीणबाईंना फोन करायची. मैत्रिणीने दिलेला साधा बाम लावू का, असंही तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा त्या हसल्या होत्या. पित्त उठलं की ती दातओठ खाऊन गार फडकं मानेवर ठेवायची आणि पुढचा टाका घालायची. सोसायचं ते सोसत होती आणि मनातून स्वतःवर खूशही होती.

राहिली ती बंद केलेली पाकिटं. जवळजवळ भरलेलीच होती, नुकतीच आणलेली. दुसऱ्या कोणी ती कचऱ्यात टाकली असती किंवा औषधाच्या दुकानात परत दिली असती. पण रफू करून पोट भरणाऱ्या माणसाला काही टाकवत नाही. तिच्या टेबलाच्या खणात दोन बोटं लांबीचे धागेसुद्धा गुंडाळून ठेवलेले असायचे. पाकिटं तिच्या पर्समध्ये राहिली.

थंडीच्या दिवसांत बाबांची कातडी कोरडी पडायची आणि पाठीला खाज सुटायची. त्या वर्षी जरा जास्तच सुटली. रात्री ते दाराच्या चौकटीला पाठ घासायचे आणि तो आवाज तिला आतल्या खोलीत ऐकू यायचा. मग एका संध्याकाळी तिला पर्समधली गोळी आठवली. औषध खाजेचंच होतं, भारी होतं, वाया चाललं होतं. तिने एक काढून त्यांच्या हातावर ठेवली. "मला डॉक्टरीणबाईंनी बंद केली आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही थोडेच गरोदर आहात?" बाबा हसले, आणि गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली. त्या रात्री दोघंही गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशीही दिली, तिसऱ्याही. खाज दुपारीही होते म्हणाले, तेव्हा कामावर निघताना एक वाटीत काढून ठेवायला लागली. बाबा शांत झोपताहेत, चिडचिड नाही, याचं तिला समाधान वाटत होतं.

मग एकदा संध्याकाळी तिने कुलूप उघडलं आणि "आलीस?" आलंच नाही. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. तिच्याकडे बघून म्हणाले, "पुढे सरका, पुढे. आत जागा आहे." तिला वाटलं चेष्टा करताहेत. ती हसत पुढे सरकली. पण ते हसत नव्हते.

त्यानंतर गाडी रोज भरू लागली. कोणी सुट्टे देत नव्हतं, कोणी दारात लोंबकळत होतं, एक बाई कोंबडी घेऊन चढली होती आणि तिच्याशी बाबांची जोरदार हुज्जत चालली होती. कधी ते पुढच्या खुर्चीकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणायचे, "तू खिडकीशी बस. वारा लागेल." ते आईशी बोलताहेत हे धाकटीला कळायचं. तोंडाला कोरड पडते म्हणून ते सारखं पाणी मागायचे, आणि मोरीत जाऊन भिंतीला हात टेकून बराच वेळ नुसते उभे राहायचे. चालताना पाय वेडेवाकडे पडायचे. शेवटी एका सकाळी ते मोरीच्या उंबऱ्यात पडले. कपाळाला खोक पडली.

दादा धावत आला. दोघं मिळून बाबांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी जखम बांधली, नाडी पाहिली, चार प्रश्न विचारले आणि बाबांच्या सगळ्या गोळ्या दाखवा म्हणाले. धाकटीने बाबांचा पत्र्याचा डबा बरोबर आणलाच होता. रक्तदाबाची, हाडांची, एक पोटाची. डॉक्टरांनी एकेक पाहिली आणि विचारलं, "याशिवाय काही?"

"नाही," धाकटी म्हणाली.

आणि यात आपण तिळमात्र खोटं बोललो असं तिला वाटलं नाही. बाबांच्या गोळ्या बाबांच्या डब्यात होत्या. ती पांढरी गोळी तिची होती, तिच्या नावावर लिहून दिलेली, तिच्या पर्समधली. उसनी दिलेली वस्तू आपण दुसऱ्याच्या सामानात कुठे धरतो?

डॉक्टर म्हणाले की वय झालं आहे, मेंदू थकतो. मोठ्या तपासण्या करून घ्या, पण घरात आता यांच्यापाशी चोवीस तास कोणीतरी हवं. दादा व्यवहाराचा माणूस. त्याचं प्रेम व्यवस्था लावण्यातून बाहेर पडायचं. त्याने आठवड्याच्या आत एक वृद्धाश्रम शोधला, जाऊन बघून आला, खाट अडवून ठेवली. धाकटी दिवसभर दुकानात आणि आता या अवस्थेत, रात्री उचलाउचल तिला झेपणार नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. तिने मान हलवली. रविवारी न्यायचं ठरलं. बाबांना दोघांनी समजावून सांगितलं, पण त्यांचं लक्ष कोंबडीवालीकडे होतं.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. टाके चुकत होते. एका कोटाची बाही तिला तीनदा उसवावी लागली, आणि दुकानाच्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत हे जास्त लागलं. पोटातलं बाळ वाढत होतं आणि तिच्या मनात एकच घोळत होतं की ते येईल तेव्हा घरात "आला का?" किंवा "आली का?" म्हणायला कोणी नसेल. नवरा पाण्यावर, बाबा आश्रमात, आणि ती या दोन खोल्यांत. तिला बाबा हवे होते. त्यांची सेवा करायला म्हणून नव्हे, स्वतःसाठी हवे होते.

रविवारच्या आधी तिची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावून ठोके ऐकवले, सगळं छान चाललंय म्हणाल्या, आणि तेवढ्यात धाकटीला रडू फुटलं. मग सगळंच बाहेर आलं, बाबांचं पडणं, गाडी, आश्रमाची खाट. त्यांनी ऐकून घेतलं. तिच्या मानेवरचे चट्टे त्यांना दिसले असावेत, कारण त्यांनी मध्येच विचारलं, "ती जुनी गोळी परत सुरू नाही ना केलीत?"

"छे हो," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "मी हातसुद्धा लावलेला नाही. ती मी बाबांना देते."

हे सांगताना तिच्या आवाजात चांगल्या विद्यार्थिनीचा अभिमान होता, आणि पुढे कितीतरी दिवस तो आठवला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वय किती, कधीपासून, दिवसातून किती वेळा, असं विचारलं. मग त्या सावकाश बोलल्या. "बाळासाठी जशी ही गोळी बंद केली, तशीच ती म्हाताऱ्या माणसालाही देऊ नये. वय झालं की औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जातं. भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. तोंडाला कोरड पडते, लघवी अडते, तोल जातो."

त्या धाकटीच्या घरी कधी आल्या नव्हत्या, पण आठवडाभर मोरीच्या दाराशी उभ्या राहून पाहिल्यासारखं सांगत होत्या. पुढे त्या म्हणाल्या की आजपासून ती देऊ नका आणि आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या, लघवी अडली असेल तर थांबायचं नाही. त्यांच्या बाकीच्या गोळ्या मात्र घाबरून बंद करू नका. भ्रम सगळा त्या गोळीचाच असेल असं आज सांगता येणार नाही, पण बहुतेक उतरेल.

बाहेर बाकावर तपासणीला आलेल्या बायका पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. धाकटी त्यांच्यात जाऊन बसली. पोटातल्या जिवाला बामाचा वास लागू नये म्हणून तिने केवढं सांभाळलं होतं. आणि समोर खुर्चीत बसलेल्या जिवाला रोज स्वतःच्या हाताने, पाण्याचा पेला पुढे करून... तिला उठवेना. पण लघवीचं आठवलं आणि ती उठली.

गल्लीतल्या डॉक्टरांनी नळी घालून बाबांची लघवी मोकळी केली. दोन पिशव्या भरल्या, आणि बाबा इतक्या सुखाने हुश्श म्हणाले की तिला परत रडू आलं. डॉक्टर जरा रागातच म्हणाले की मी विचारलं होतं तुम्हाला. "तुम्ही बाबांच्या गोळ्या विचारल्या होत्यात," ती म्हणाली. "ही माझी होती." तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरात आणखी कोणाकोणाच्या गोळ्या आहेत हे मी विचारायला हवं होतं, आणि पाकिटं तिच्याकडून मागून घेतली.

राहिला दादा. त्याला तिने फोन केला आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. तो एवढंच म्हणाला, "तू दिलीस?" ती हो म्हणाली. तो म्हणाला, बरं, थांबू या. खाट आणखी थोडे दिवस राखून ठेवायला सांगतो. तो एक शब्दही लावून बोलला नाही, आणि शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. मालकीणबाईंकडून तिने रजा मागून घेतली.

बाबांची गाडी एकदम रिकामी झाली नाही. एकेक माणूस उतरत गेलं. आधी दारात लोंबकळणारे गेले, मग सुट्ट्यांवरून भांडणारे. कोंबडीवाली दोन दिवस हटून बसली होती, तीही गेली. पाठीला धाकटी रोज तेल चोळायची, आणि खाज तेवढ्याने निम्मी कमी झाली. म्हणजे मुळात तेलाचं काम होतं. आई सगळ्यांत शेवटी उतरली. एका सकाळी बाबा पुढच्या खुर्चीकडे बघून काही बोलायला गेले, थांबले, आणि मान खाली घातली.

त्या संध्याकाळी ती भाजी घेऊन आली, तर कुलूप उघडताच आवाज आला, "आलीस? पाय किती सुजलेत तुझे. बस आधी."

तिचा जीव भांड्यात पडला. ती खरंच मटकन खाली बसली, आणि तिथेच, पिशवी मांडीवर ठेवून, तिने त्यांना सगळं सांगितलं. गोळीचं, डब्याचं, डॉक्टरांना नाही म्हणाल्याचं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे ती सगळी माणसं विनातिकीट होती," ते म्हणाले. दोघं हसली. तिला वाटलं, सुटलो. आता हे घर परत होतं तसं होईल.

तसं झालंच. हीच तर पंचाईत झाली. ती परत दुकानात जाऊ लागली आणि बाबा परत खिडकीपाशी बसू लागले. आता त्यांचं डोकं लख्ख होतं, वर्तमानपत्रातली शब्दकोडी ते दुपारच्या आत संपवायचे. पण बोलणं फार कमी झालं होतं. तिने रेडिओ दुरुस्त करून आणला. एकदा ते म्हणाले, चांगला आहे, पण आपण बोललेलं त्याला ऐकू येत नाही. अशक्तपणा असेल, भरून येईल, असं ती स्वतःला समजावत राहिली.

एका रविवारी दादा आला. खाट सोडून देतोय असं सांगायलाच आला होता, आणि धाकटीने आनंदाने चहा टाकला. बाबांनी विचारलं, "कुठली खाट?" दादाने अडखळत सांगितलं. त्या दिवसांत ठरलेलं, आता रद्द, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाबांनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी चौकशी सुरू केली. खोलीत किती जण असतात? जिना आहे का? जेवायला सगळे एकत्र बसतात की ज्याचं त्याच्या खोलीत? दादाला वाटलं चिमटे काढताहेत, त्याचे कान लाल झाले. पण तो सगळं बघून आला होता, म्हणून उत्तरं देत गेला. तळमजला आहे. मोठं अंगण आहे. जेवण एकत्र.

"मग सोडू नकोस," बाबा म्हणाले. "मी जातो."

चहा उतू गेला. धाकटी तशीच बाहेर आली. "माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"नाही ग."

"गोळीचा राग आहे. असणारच. पण मी आता एक थेंबसुद्धा विचारल्याशिवाय..."

"धाकटे, बस इथे." ती बसली. बाबा भिंतीकडे बघत होते, तिच्याकडे नव्हे. "तू ती गोळी बंद केलीस ते बरोबरच केलंस. मेलो असतो मी. पण तुला एक सांगू? त्या दिवसांत हे घर भरलेलं होतं. सगळी माझ्याशी बोलत होती. भांडत होती, पण बोलत होती. तुझी आई इथे बसायची. आता मी शुद्धीवर आहे आणि शुद्धीवर राहून दिवसभर ही भिंत बघतो. मला खोटी माणसं नकोत. मग खरी तरी हवीत की नाही?"

"बाळ येईल ना. मग घर भरेल."

"बाळ तुझ्या मांडीवर असेल. आणि तू त्याला कुठे तरी ठेवून दुकानात जाशील. मी इथेच. तिसऱ्या मजल्यावर." मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. "मी भ्रमात होतो तेव्हा तुम्ही दोघांनी ठरवलंत. चुकलं नाही तुमचं. आता मी शुद्धीवर आहे, तर मला ठरवू दे."

धाकटीच्या ओठांवर आलं होतं की मग माझं काय? संध्याकाळी कुलूप उघडल्यावर मला कोण विचारणार? तुम्हाला परत आणलं ते काय तुम्ही निघून जावं म्हणून? हे सगळं खरं होतं आणि हे बोलली असती तर बाबा राहिले असते, हेही तिला पक्कं माहीत होतं. मुलीने रडून मागितलेली गोष्ट त्यांनी जन्मात नाकारली नव्हती. म्हणून ती बोलली नाही. आत जाऊन तिने उतू गेलेला चहा पुसला आणि दुसरा टाकला.

आश्रमाच्या कचेरीत तिने बाबांचा डबा दिला, आणि कोणी विचारायच्या आत त्या पांढऱ्या गोळीचं नाव सांगून ही यांना कधीही द्यायची नाही असं बजावलं. तिथल्या बाईंनी ते लिहून घेतलं. बाबा तोवर अंगणात जाऊन पोचले होते आणि बाकावरच्या दोघांना सरकायला सांगून मध्ये बसले होते. निघताना तिने हात केला. त्यांनीही केला, पण बोलता बोलता.

पहिले दोन दिवस त्यांचा फोन आला नाही. नवीन जागा, करमत नसेल, रडत तर नसतील, असं तिच्या मनात येत राहिलं. तिसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर, कुलूप उघडून, चपला काढायच्याही आधी तिने फोन लावला. तिथल्या कोणीतरी बाबांना हाक मारली. मागे बराच गलका चालला होता, भांडी वाजत होती, कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"कोण?"

"मी. धाकटी."

"हां. पायांची सूज कशी आहे? लोहाच्या गोळ्या घेतेस ना? दुसरं काही विचारल्याशिवाय नाही ना घेत?"

"नाही, बाबा. तुम्ही कसे..."

"मी मजेत. हे बघ, आत्ता ठेव. इथे एकजण त्याची गोष्ट सांगतोय, ती ऐन रंगात आलीय. उद्या कर." आणि त्यांनी फोन ठेवला.

धाकटी फोन हातात धरून उभी राहिली आणि मग तिला हसू फुटलं. अगदी खरं, पोट हलेपर्यंत हसू. बाबांना वेळ नव्हता! तिला मनापासून बरं वाटलं. हे कोणाला तरी सांगायलाच हवं असं वाटून ती हसत हसत आतल्या खोलीकडे वळली. अशा गमती ती रोज संध्याकाळी ज्याला सांगायची, तो माणूस आत्ताच फोन ठेवून गेला होता.